स्वॅबमधला विषाणू जिवंत आहे का, हे प्रयोगशाळेत कसं मोजतात?

प्रश्न एका फिजिशियन डॉक्टरांचा आहे. लिम्फोमाचा रुग्ण, रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी संपवणारं औषध) चालू. कोविड होऊन पंचवीस दिवस झाले तरी आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह, सीटी ३१ (म्हणजे विषाणूचा आरएनए दिसायला पीसीआरची ३१ आवर्तनं लागली; आकडा जितका मोठा तितका आरएनए कमी). ताप नाही, ऑक्सिजन ठीक, पण केमोथेरपीची पुढची फेरी अडली आहे. त्यांनी विचारलंय की या माणसाच्या नाकात अजून संसर्ग पसरवणारा विषाणू आहे का, हे सांगणारी चाचणी कोणती? आणि शोधनिबंधांत कुणी पीएफयू (प्लाक तयार करणारी एककं) लिहितं, कुणी टीसीआयडी-५०, कुणी नुसतं 'कल्चर पॉझिटिव्ह', म्हणजे पेशींवर विषाणू वाढला. या सगळ्यांचा एकमेकांशी ताळा कसा घालायचा?

आधी थेट उत्तर. चाचण्या आहेत, त्यांतल्या काही सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या आहेत आणि आजही त्यांना तोड नाही. पण त्या एका रुग्णाचा निर्णय घेण्यासाठी घडवलेल्या नाहीत. कल्चर पॉझिटिव्ह आलं तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, अर्थात प्रयोगशाळेने वाढलेला विषाणू ओळखून खात्री केली असेल तर. निगेटिव्ह आलं, तर नमुना कुठून कसा आला, कोणत्या पेशींवर टाकला आणि किती मि.ली. टाकला, हे कळेपर्यंत त्या निगेटिव्हला फारशी किंमत देऊ नका. पुढचं सगळं याच एका मुद्द्याचं स्पष्टीकरण आहे.

पीसीआर विषाणूच्या आरएनएचे तुकडे मोजतो. तो आरएनए अखंड कणातला आहे, मेलेल्या पेशीतला आहे की प्रतिपिंडांनी वेढलेल्या निकामी कणातला, हे त्याला कळत नाही. छापलेल्या पत्रिका मोजून पंगतीला किती पानं उठली हे सांगण्यासारखंच ते. मुळात बाहेर पडणारा प्रत्येक कणही संसर्गक्षम नसतो. पोलिओत एका संसर्गक्षम एककामागे ३० ते १००० कण सापडतात, कांजिण्यांच्या विषाणूत हे प्रमाण ४० हजारांच्या घरात जातं. कोविडच्या स्वॅबमध्ये एका संसर्गक्षम एककामागे आरएनएच्या हजारो ते लाखो प्रती असतात आणि आजाराचा दिवस बदलला की हे गुणोत्तरही बदलतं. म्हणून 'सीटीवरून पीएफयू काढा' असा तक्ता कुणी दिला तर तो त्या प्रयोगशाळेपुरता आणि त्या आठवड्यापुरता समजावा.

आता मोजणी. मूळ पद्धत प्लाकची. जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंसाठी ती द'हेरेलने १९१७ च्या सुमारास वापरली होती. प्राण्यांच्या विषाणूंसाठी ती रेनातो दुलबेक्कोने १९५२ मध्ये कॅलटेकमध्ये बसवली, कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींवर आणि घोड्यांच्या मेंदूज्वराच्या विषाणूवर. त्याआधी १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेबाहेरच्या पेशींतही वाढतो हे दाखवलं होतं, त्यामुळे प्रयोगशाळेच्या बाटलीत विषाणू वाढवणं आवाक्यात आलं होतं.

करायचं असं. सहा खणांच्या प्लेटमध्ये पेशींचा एकेरी थर वाढवायचा. नमुना दहा-दहापट विरल करत न्यायचा आणि प्रत्येक खणात ठरावीक आकारमान, समजा ०.२ मि.ली., टाकायचं. तासभर ठेवायचं आणि थर सुकू नये म्हणून दर पंधरा मिनिटांनी प्लेट हलक्या हाताने डोलवायची. मग वर अ‍ॅगरोज, मिथाइलसेल्युलोज किंवा कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचा दाट थर ओतायचा. सगळी गंमत या दाट थरात आहे. पातळ माध्यमात नवे विषाणू सगळीकडे पोहत जातात आणि अख्खा खण मरतो. दाट थरामुळे त्यांना फक्त शेजारच्या पेशीपर्यंत पोचता येतं. एका विषाणूपासून मेलेल्या पेशींचा एक गोल डाग तयार होतो, तो प्लाक. कोविडच्या विषाणूला साधारण तीन दिवस लागतात, डेंग्यूला पाच ते सात. मग फॉर्मॅलिनने सगळं मारून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं. जिवंत थर जांभळा, प्लाक पांढरे.

समजा दहा हजारपट विरल केलेल्या खणात ४७ प्लाक मिळाले. ४७ ला ०.२ ने भागायचं आणि १०,००० ने गुणायचं, म्हणजे मि.ली.ला २३ लाख ५० हजार पीएफयू. आकडा रुबाबदार दिसतो, पण ४७ च्या मोजणीत निव्वळ योगायोगाचा चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे सातेक प्लाकचा असतो. पिपेटिंगची चूक वेगळीच. म्हणून दोन नमुन्यांत दुपटीचा फरक दिसला की मी लगेच काही बोलत नाही. दहापट असेल तर बोलतो.

निगेटिव्हचं गणित याहून महत्त्वाचं, आणि ते बहुतेक निबंधांत पुरवणीत दडलेलं असतं. दोन खणांत मिळून ०.४ मि.ली. नमुना टाकला आणि एकही प्लाक आला नाही. याचा अर्थ नमुन्यात शून्य विषाणू असा होत नाही. संभाव्यतेच्या हिशोबाने, प्रत्यक्षात सरासरी तीन प्लाक यायला हवे होते तरी वीसात एकदा शून्यच दिसेल. म्हणजे तुम्ही फक्त एवढंच म्हणू शकता की मि.ली.ला सात-साडेसातपेक्षा कमी आहेत. स्वॅब ३ मि.ली. माध्यमात बुडवला असेल तर नळीत विसाच्या आसपास संसर्गक्षम एककं असूनही तुम्हाला 'निगेटिव्ह' दिसू शकतं. आणि माणसाला संसर्ग व्हायला किती लागतात? ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देऊन केलेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, नाकात फक्त १० टीसीआयडी-५० टाकले होते आणि निम्म्याहून अधिक लोकांना संसर्ग झाला. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहा.

टीसीआयडी-५० म्हणजे काय, तर ज्या विरलनाला निम्म्या खणांत पेशी मरतात ते विरलन. ९६ खणांची प्लेट, प्रत्येक विरलनाला चार किंवा आठ खण, चार-पाच दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बसून प्रत्येक खणाला हो किंवा नाही. हिशोब रीड आणि मुएंच यांच्या १९३८ च्या सूत्राने किंवा स्पिअरमन-कार्बर पद्धतीने. दाट थर ओतायचा नसल्यामुळे काम सोपं पडतं, जे विषाणू स्पष्ट प्लाक देत नाहीत त्यांनाही चालतं, आणि बीएसएल-३ (कडक जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळे)मध्ये दोन हातमोजे चढवून उभ्या असलेल्या माणसाला हेच परवडतं. ताळा असा: निम्मे खण कोरे राहिले तर प्रत्येक खणात सरासरी ०.६९ संसर्गक्षम एककं पडली, म्हणून १ टीसीआयडी-५० बरोबर साधारण ०.७ पीएफयू. हे कागदावरचं. प्रत्यक्षात दोन्हीकडे पेशी वेगळ्या, वाट पाहण्याचे दिवस वेगळे, त्यामुळे दोन निबंधांतले आकडे असे बदलून जोडू नयेत. 'कल्चर पॉझिटिव्ह' हे तर मोजमापच नाही. ते हो-नाही उत्तर आहे. त्यात विषाणूला वाढायला अनेक दिवस आणि कधी दोन-तीन पासेज (नव्या पेशींवर पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या) मिळतात, त्यामुळे ते प्लाकपेक्षा बऱ्याचदा जास्त संवेदनशील असतं, पण किती विषाणू होता हे सांगत नाही.

फोकस पद्धत ही प्लाकचीच बहीण. पेशी मरण्याची वाट न पाहता, कोविडमध्ये साधारण दिवसभराने, विषाणूच्या प्रथिनावर रंगीत प्रतिपिंड सोडून संसर्ग झालेल्या पेशींचे पुंजके मोजायचे. शेल व्हायल पद्धतीत नमुना पेशींवर टाकून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि एक-दोन दिवसांत अशाच प्रतिपिंडांनी पाहतात. सायटोमेगालोव्हायरससाठी ती १९८० च्या दशकात फार चालली. आता तिची जागा पीसीआरने घेतली.

पेशींची निवड हा या विषयातला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच ठरतो. व्हेरो पेशी १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन ग्रीन माकडाच्या मूत्रपिंडापासून निघाल्या. त्या इंटरफेरॉन (विषाणूंना रोखणारं प्रथिन) बनवू शकत नाहीत, म्हणून बहुतेक विषाणूंना तिथे मोकळं रान मिळतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) मार्च २०२० मध्ये भारतातला पहिला कोविड विषाणू व्हेरो पेशींतच वाढवला आणि पुढे कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणूही एनआयव्हीकडूनच गेला. पण माणसाच्या श्वासमार्गातल्या पेशींवर टीएमपीआरएसएस-२ नावाचं जे विकर असतं ते साध्या व्हेरोवर जवळपास नसतंच. परिणाम दोन. रुग्णाचा विषाणू तिथे कमी पकडला जातो. हे विकर मुद्दाम घातलेल्या व्हेरो पेशी त्याच नमुन्यातून जास्त वेळा विषाणू देतात. आणि साध्या व्हेरो ई-६ वर विषाणू पुन्हापुन्हा वाढवला तर तो स्पाइकवरची फ्युरिनची जागा (जिथे फ्युरिन हे विकर स्पाइकला कापतं) गमावून बसतो. म्हणजे मोजणी चालू असताना मोजायची गोष्टच बदलत जाते. कुठल्या पेशी, कितवा पासेज, हे न लिहिणारा निबंध मी बाजूला ठेवतो.

डेंग्यू-चिकनगुनियाचं घर वेगळं. रुग्णाच्या रक्तातला डेंग्यू व्हेरोपेक्षा डासाच्या पेशींत जास्त सहज उगवतो आणि जगभर त्यासाठी सी-६/३६ ही पेशीजात वापरतात. तिचं मूळ पुण्यात आहे. एनआयव्ही तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होती. तिथे के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या, आणि त्यांच्यातूनच इगाराशी यांनी १९७८ मध्ये सी-६/३६ हा क्लोन वेगळा केला. या पेशी २८ अंशांवर वाढतात, ३७ वर नाही. इनक्युबेटर वेगळा लागतो, आणि नव्या मुलांना हे सांगावं लागतं. पोलिओसाठी आणखी तिसरी व्यवस्था: माणसाचा पोलिओ रिसेप्टर घातलेल्या उंदराच्या एल-२०-बी पेशी, सोबत माणसाच्या स्नायूच्या कर्करोगातून निघालेल्या आरडी पेशी. मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेत लहान मुलांच्या शौचाचे नमुने आणि सांडपाणी वर्षानुवर्षं याच जोडीवर तपासलं गेलं. एल-२०-बी वर पेशी मेल्या तर पोलिओचा संशय, नुसत्या आरडीवर मेल्या तर बहुधा दुसरा एंटेरोव्हायरस.

काही विषाणू रुग्णाच्या नमुन्यातून कशावरच धड वाढत नाहीत. हिपॅटायटिस सी साठी २००५ मध्ये जेएफएच-१ हा जपानी रुग्णातला प्रकार पेशींत वाढवता येईपर्यंत धड कल्चरच नव्हतं, आणि साध्या रुग्णाच्या रक्तातला विषाणू आजही सहसा वाढत नाही. नोरोव्हायरसला २०१६ मध्ये माणसाच्या आतड्याच्या मूळपेशींपासून वाढवलेले एंटेरॉइड मिळाले तेव्हा कुठे वाट सापडली. एचआयव्हीत प्रश्नच निराळा आहे. औषधं घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात विषाणू दिसत नाही, तो सुप्त सीडी-४ पेशींत दडलेला असतो. म्हणून शंभरेक मि.ली. किंवा त्याहून जास्त रक्त घेऊन, पेशी वेगळ्या करून, त्यांना जागं करून, दोन-तीन आठवडे पी-२४ या विषाणूच्या प्रथिनाची वाट पाहतात. साधारण दहा लाख सुप्त पेशींत एखादीतून विषाणू उगवतो. आणि एकदा जागं केल्याने सगळे जागे होत नाहीत, म्हणून हाही आकडा खालचाच.

आता नमुन्याचा प्रवास. मला विचाराल तर तुमच्या हातात असलेली एकमेव गोष्ट हीच. व्हीटीएमच्या (विषाणूचा नमुना वाहून नेण्याच्या माध्यमाच्या) नावाखाली बाजारात दोन प्रकारच्या नळ्या मिळतात. एकीत क्षारद्रव, प्रथिन आणि अँटिबायोटिक असतं, दुसरीत ग्वानिडीन असतं, जे विषाणू जागीच मारतं आणि आरएनए टिकवतं. पीसीआरसाठी दुसरी सुरक्षित आणि चांगली, कल्चरसाठी तीच नळी म्हणजे नमुना संपला. कल्चरचे म्हणून पाठवलेले असे नमुने आमच्याकडे नेहमी येतात. लेबल वाचल्याशिवाय रंगावरून ओळखू नका. कॅल्शियम अल्जिनेटचा किंवा लाकडी काडीचा स्वॅबही नको. नमुना लगेच ४ अंशांवर, आणि ४८ ते ७२ तासांत पोचत नसेल तर उणे ७० किंवा त्याखाली. उणे २० चा घरगुती फ्रीझर सगळ्यात वाईट, बर्फाचे स्फटिक वेष्टन असलेल्या विषाणूंची वाट लावतात. ड्राय आइसमध्ये पाठवताना झाकण घट्ट हवं, नाहीतर कार्बन डायऑक्साइड आत शिरून माध्यम आम्लधर्मी होतं. प्रत्येक वेळी गोठवणं-वितळवणं म्हणजे थोडा विषाणू कमी, आणि आरएसव्हीसारखा (लहान मुलांच्या श्वासमार्गाचा विषाणू) नाजूक असेल तर बराच कमी. पीसीआरला यातलं बहुतेक काही जाणवतही नाही. मग सीटी २० आणि कल्चर निगेटिव्ह असा निकाल पाहून लोक 'विषाणू मेलेला होता' म्हणतात. होता की वाटेत मेला, हे त्या निकालावरून कळत नाही.

शौच, लघवी, वीर्य हे नमुने स्वतःच पेशींना विषारी असतात. ते दहापट विरल केले की पेशी वाचतात, पण शोधण्याची मर्यादाही दहापट ढिली होते. उलट बाजूने, विषारीपणामुळे मेलेल्या पेशी पाहून नवखा माणूस 'विषाणू उगवला' असं लिहू शकतो. म्हणून नुसत्या पेशी मेल्या एवढ्यावरून विषाणूची नोंद करायची नाही. माध्यमातला आरएनए दिवसागणिक वाढतोय का, हे पीसीआरने पाहायचं. पहिल्या दिवशी सीटी २८ आणि चौथ्या दिवशी १६ असेल तर विषाणू वाढला. २८ चा ३० झाला तर तो तुम्हीच टाकलेला उरलासुरला आरएनए.

प्रतिपिंडं ही दुसरी गुंतागुंत, पण ती खोटी नाही, खरीच माहिती आहे. डेंग्यूत ताप उतरायला लागला की रक्तातला विषाणू कल्चरमध्ये मिळेनासा होतो, आरएनए अजून दिसत असला तरी. कोविडमध्ये २०२० साली म्युनिकच्या नऊ रुग्णांच्या अभ्यासात आठव्या दिवसानंतर एकाही नमुन्यातून विषाणू वाढला नाही, आरएनए भरपूर असूनही. रॉटरडॅमच्या १२९ दाखल रुग्णांत संसर्गक्षम विषाणू मिळण्याचा मध्यक काळ आठ दिवसांचा होता, आणि रक्तात निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं १:२० च्या वर गेली (म्हणजे रक्तद्रव वीसपट विरल करूनही विषाणू रोखला गेला) की तो मिळण्याची शक्यता फार घटत होती. जिनिव्हाच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की डेल्टाचा संसर्ग झालेल्या लसवंतांत संसर्गक्षम विषाणू लस न घेतलेल्यांपेक्षा कमी होता आणि आरएनएच्या प्रतींशी त्याची सांगड कच्ची होती. कॅनडाच्या विनिपेगमध्ये सीटी २४ च्या वर काहीच वाढलं नाही. फ्रान्सच्या मार्सेयमध्ये ३३ पर्यंत वाढत राहिलं. दोन्ही बरोबर. किट वेगळं, पेशी वेगळ्या, नमुने वेगळे.

जवळच्या वाटाही लोकांनी शोधल्या. सबजीनोमिक आरएनए, म्हणजे विषाणू वाढताना पेशीत बनणारे आरएनएचे छोटे तुकडे, हा चालू वाढीचा पुरावा मानला गेला, पण तो पेशीतल्या पडद्यांच्या पिशव्यांत सुरक्षित राहून बराच काळ टिकतो, त्यामुळे माझा त्यावर भरवसा नाही. प्रोपिडियम मोनोअझाइडसारखा रंग आधी टाकून मग पीसीआर करतात. हा रंग फाटक्या कणांत शिरून त्यांचा आरएनए झाकतो. पण अखंड कण म्हणजे संसर्गक्षम कण नव्हे. अँटिजेन चाचणी कल्चरशी पीसीआरपेक्षा बऱ्यापैकी जास्त जुळते, आणि खेड्यातल्या रुग्णालयातही पंधरा मिनिटांत होते.

तुमच्या रुग्णाकडे येतो. वर सांगितलेला आठ-दहा दिवसांचा हिशोब ज्यांना प्रतिपिंडं बनवता येतात त्यांचा आहे. रिटुक्सिमॅबने बी पेशी संपवल्या आहेत, त्यामुळे तो इथे लावू नका. २०२० मध्ये अमेरिकेतल्या क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या एका महिलेत, लक्षणं नसताना, संसर्गक्षम विषाणू ७० व्या दिवसापर्यंत मिळाला. म्हणून सीटी ३१ आणि पंचविसावा दिवस पाहून मी 'मेलेले तुकडे' असं म्हणणार नाही. त्याच प्रयोगशाळेत, त्याच किटवर ४८ तासांच्या अंतराने पुन्हा पीसीआर करा. साधारण ३.३ सीटीचा फरक म्हणजे दहापट, त्याहून लहान चढउतार स्वॅब घेणाऱ्याच्या हातावरही असतात. सोबत अँटिजेन आणि रक्तातली स्पाइकविरोधी प्रतिपिंडं पाहा. मात्र त्याला इम्युनोग्लोबुलिन दिलेलं असेल तर ती दुसऱ्याची प्रतिपिंडं असतील. खोकला असेल तर थुंकी तपासा, छातीत विषाणू असूनही नाक साफ असू शकतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनेही अशा रुग्णांसाठी ४८ तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह चाचण्यांचा मार्ग सांगितला आहे. तोवर विलगीकरण चालू, आणि केमोथेरपीचा निर्णय ऑन्कॉलॉजिस्टबरोबर बसून.

कल्चर करायचंच असेल तर आधी प्रयोगशाळेशी फोनवर बोला, कारण हे काम बीएसएल-३ मध्ये चालतं आणि उत्तराला आठवडाभर जाऊ शकतो. ग्वानिडीन नसलेली नळी, ४ अंश, त्याच दिवशी रवाना. फॉर्मवर लक्षणांचा पहिला दिवस, नमुन्याची वेळ, रिटुक्सिमॅबची शेवटची तारीख, आणि रेमडेसिव्हिर किंवा दुसरं अँटिव्हायरल चालू आहे का, हे लिहा. आणि निकाल निगेटिव्ह आला तर कोणत्या पेशी वापरल्या आणि मि.ली.ला किमान किती विषाणू असते तर ते सापडले असते, हे दोन प्रश्न विचारा.